चुकीची खाच

वायर सोलायचं हत्यार कोणतं घ्यावं, असं मला आजही कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "आकडा बघून वापरणार का तार बघून?" लोक हसतात. म्हणतात, मिस्तरी म्हातारे झाले, सोपी गोष्ट अवघड करून सांगायलेत. हसू द्या. मूठ दाबली की एका जबड्यानं वायर धरायची, दुसऱ्यानं वरचं प्लास्टिक कापायचं आणि एका झटक्यात ओढून काढायचं, असलं ते ॲटोमॅटिक हत्यार आमच्या भागात पहिल्यांदा मी आणलं. त्यानं आल्या आल्या काय केलं तेही मलाच माहीत आहे.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीच्या काचा फुटलेल्या. मी पूर्णेला राहायचो आणि चुडाव्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत घरांची वायरिंग करायचो. गावात लाइट येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिला घरात शिरायला लग्नाचं निमित्त लागायचं. पोराचं लग्न ठरलं की आधी भिंतीला चुना, मग लाइट, मग मांडव. म्हणजे दिवा आणि सून घरात एकाच आठवड्यात यायची. आमच्याकडची रीतच तशी होती आणि माझं पोट त्या रीतीवर चालायचं.

तोवर आमी वायर ब्लेडनं सोलायचो, न्हाईतर दातानं. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांचा पुढचा दात वायरी ओढून ओढून झिजला होता. ते सांगायचे, ब्लेड तिरपं धर, पेन्सिलीला टोक काढतात तसं. गोल फिरवलंस तर आतल्या तारेला जखम होते, आणि ती जखम दिसत नाही. मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, बापरे, किती वेळ खातंय हे काम! अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असायची माझ्या.

मग एका सोयऱ्याच्या लग्नाला हैदराबादला गेलो आणि तिथल्या बाजारात दोन हत्यारं बघितली. एक साधं, पक्कडीसारखं, मधे स्क्रू. तारेच्या जाडीप्रमाणं स्क्रू फिरवून बसवायचा आणि आपल्या हातानं ओढायचं. दुसरं हे ॲटोमॅटिक. जड, दोन जबड्यांचं, कापायच्या जबड्याला ओळीनं खाचा आणि खाचांखाली बारीक आकडे. दुकानदारानं तांब्याची वायर घातली, दाबलं, कट्‌ असा आवाज झाला आणि तार उघडी. त्या आवाजानं मी येडाच झालो बघा. तो म्हणाला, "हर तार की खाच अलग है, उस्ताद. पैले टुकड़े पे आजमा लेना." आकडे विलायती मापाचे होते, आपल्या वायरीशी त्यांचा मेळ नव्हता. म्हणून आधी एक तुकडा सोलायचा, उघड्या तारेवर नख फिरवायचं, मग ती वाकवून बघायची. तारेवर रेघ लागली किंवा तार मोडली की समजायचं, खाच लहान पडली. एवढं सोपं होतं. पण मला कुणी उस्ताद म्हणलं होतं ना! ते तेवढं लक्षात राहिलं.

पहिलं काम निघालं ते चुडाव्याच्या स्टेशनापासून तासभर चालत असलेल्या एका खेड्यात. खाऊन-पिऊन सुखी घर, नवरा-बायको आणि एकुलता पोरगा. पोराचं लग्न पंधरा दिवसांवर. विजेचा खांब घराच्या मागच्या बोळात होता, म्हणून मीटर आणि मेनस्विच मागच्या भिंतीला, मागच्या दाराच्या चौकटीला लागूनच बसवला. वायर अल्युमिनियमची, एकेरी तारेची. मी बैठकीत मांडी घालून बसलो आणि कट्‌, कट्‌, कट्‌ सुरू केलं. निम्मं गाव बघायला गोळा झालं. एक म्हातारा म्हणाला, "ह्ये तर कोंबडीची मान मोडल्यावानी आवाज करायलंय." सगळे हसले. मी फुगलो. दुकानदारानं तांब्याला वापरलेली खाच मी अल्युमिनियमच्या जाड तारेला तशीच वापरली. तुकडा नाही सोलला, नख नाही फिरवलं, काही नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! चार दिवसांचं काम दीड दिवसात संपवून, जेवून, पान खाऊन मी घरी आलो.

श्रावण अर्धा संपला असेल. त्या घरचे मालक एक दिवस पूर्णेला माझ्या दुकानात आले. चहा घेतला नाही. मग खाली बघत म्हणाले, "मिस्तरी, लाइट आपोआप जायलीय."

"लोड शेडिंग असंल."

"गावात समद्यांची असती. आमचीच जाती. सून घरात आली की जाती."

मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "लगीन होऊन तीन महिने झाले. म्हस आटली. आमच्या घरच्यांना ताप सुटत न्हाई. म्या कशावर विश्वास ठेवणारा माणूस न्हाई, पण डोळ्यानं बघायलोय रोज. तुमी येऊन बघा. लाइटीत दोष निघाला तर पोरीचं नशीब. न्हाई निघाला तर तिच्या बापाला बोलावतो अन् तिला माहेरी घालतो."

म्हणजे काय पणाला लागलंय, हे मला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलेलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची मला सोयच नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी त्या घरी पोचलो. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. माझ्या मेनस्विचला लिंबू-मिरची बांधली होती, मीटरला अंगारा फासला होता. बघून माझं डोकं फिरलं. माझ्या हातचं काम, अन् त्याला लिंबू! पण घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मालकीणबाई गोधडी पांघरून भिंतीला टेकलेल्या, पोरगा उंबऱ्याजवळ उभा, आणि सगळ्यांचे डोळे बैठकीतल्या बल्बाकडं. मीही बसलो. कुणी पाणी दिलं नाही, मीही मागितलं नाही.

"आता येईल ती," बाई म्हणाल्या. "आडावर गेलीय."

आमच्याकडं सून पुढच्या दारानं येत-जात नसे. पुढं सासरा बसलेला असतो, त्याच्यासमोरून कसं जायचं? ती मागच्या बोळातून, मागच्या दारानं यायची. त्या घरात मागचं दार म्हणजे तिचंच दार. बाकी सगळे पुढून.

मागं पावलं वाजली. धप्प असा आवाज झाला आणि बल्ब पिवळा पडला, थरथरला आणि गेला. अंधारात भिंतीतून चर्र असा बारीक आवाज आला. मग बल्ब आपोआप परत आला, आणि आतल्या दारात ती उभी होती. डोक्यावर घागर, काखेत कळशी, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. ती आमच्याकडं बघत नव्हती. तीसुद्धा बल्बाकडंच बघत होती.

खरं सांगतो, मी घाबरलो. मी इलेक्ट्रिकचा माणूस, स्मशानाजवळच्या खांबावर एकटा चढलेला. पण त्या वेळी मला तिच्याकडं बघवेना.

मालक म्हणाले, "परत जा. परत ये." ती गेली. धप्प. लाइट गेली. "अजून एकदा." ती गेली, आली, धप्प, लाइट गेली. तिसऱ्या वेळी तिच्या काखेतल्या कळशीतलं पाणी सांडून पायापर्यंत ओघळ आला होता. तिला धरून आमी पाच माणसं तिथं होतो आणि पाचही जण बल्बाकडं बघायलो होतो. दाराकडं कुणीच बघत नव्हतं. पावसानं लाकूड फुगून ते दार चौकटीत अडकायचं, दोन्ही हातांत पाणी असलेली बाई ते ढुंगणानं ढकलून उघडायची, आणि चौकटीच्या लगत माझा मेनस्विच होता. हे मी तुम्हाला आता सांगतोय. तेव्हा मला सुचलं नाही. तिला एकदा पुढच्या दारानं ये म्हणावं, एवढी साधी गोष्टही सुचली नाही.

मी उठलो. होल्डर उघडून बघितला, बटणं बघितली. मेनस्विचचं झाकण काढलं. टेस्टर लावला, जिथं पेटायला पाहिजे तिथं पेटला. सगळे स्क्रू आवळले. वायरी जागच्या जागी, प्लास्टिक स्क्रूला भिडलेलं, काम देखणं. ओढून मात्र बघितली नाही एकही. कशाला बघू? त्या भिंतीपाशी मला उभंच राहवत नव्हतं. मागं तो पोरगा उभा होता आणि एकसारखा विचारत होता, "काय हाय? काय हाय?"

"काई न्हाई," मी म्हणलो. "वायरिंगमधी दोष न्हाई. माझं काम चोख हाय."

तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला. त्या घरात मी तिचा आवाज पहिल्यांदा आणि शेवटचा तेव्हा ऐकला. "दादा, अजून एकदा नीट बघा की."

मला राग आला. आता लाज वाटते, पण तेव्हा रागच आला. चारचौघांत माझ्या कामावर शक घ्यायची ती कोण? "बघितलंय, बाई," मी म्हणलो, हत्यारं पिशवीत टाकली आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो. स्टेशनापर्यंत मागं वळून बघितलं नाही. उगीच घाई करत चाललो, अन् मनात राम राम म्हणत चाललो, हेही लपवत नाही.

आठ-दहा दिवसांनी पूर्णेतच एका दुकानात पंखा बसवत होतो. त्याच वायरीचा तुकडा, तीच खाच. कट्‌. सोललेलं टोक वाकवून पंख्याच्या जोडात घालायला गेलो आणि ते बोटांत मोडून आलं. दुसरं सोललं, वाकवलं, मोडलं. तिसरं डोळ्याजवळ धरलं. जिथं प्लास्टिक संपतं तिथं तारेभोवती गोल, बारीक रेघ होती. मी शिडीवरच बसून राहिलो. खाली दुकानदार विचारायलाय, काय झालं मिस्तरी, चक्कर आली का? मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं, पण डोळ्यांसमोर ते मागचं दार होतं. धप्प. लाइट गेली. धप्प. लाइट गेली.

त्याच दिवशी जायला पाहिजे होतं. एसटी बंद होती, बंदमुळं. चार दिवस बंद होती. मी बायकोला सांगितलं, मित्रांना सांगितलं, जायचंय पण गाडी न्हाई. खोटं बोल पण रेटून बोल. पूर्णेहून चुडावा म्हणजे रेल्वेचं पुढचंच स्टेशन. रेल्वे चालू होती, मला तिची शिट्टी घरात ऐकू यायची. चार दिवस मी ती शिट्टी ऐकत, लोकांसमोर चूक कबूल करायचे शब्द जुळवत बसलो. पाचव्या दिवशी गेलो.

भर दुपार होती. बैठकीतला बल्ब पेटलेला होता. उन्हाचा उजेड दारातून आत येत होता आणि वर तो बल्ब जळत होता. मालकीणबाई त्याच्याखाली जवस निवडत बसल्या होत्या. ताप उतरलेला दिसत होता. मला बघून म्हणाल्या, "बसा मिस्तरी. बघा, परवापासनं डोळा मिटला न्हाई ह्यानं. रात-दिस चालू ठिवलाय."

"सून कुठाय?"

"बाप येऊन घेऊन गेला परवा."

मागच्या दाराला आतून आडवं लाकूड ठोकलेलं होतं. तिचं दार. ती गेल्यावर ते कुणी उघडणार नव्हतं, म्हणून कुणी ढकलणार नव्हतं, म्हणून बल्ब जाणार नव्हता. वरातीमागून घोडं म्हणतात तसा मी आलो होतो. मी मालकांना हाक मारली, लाकूड काढायला लावलं, बाहेर बोळात गेलो आणि अंगानं दार ढकललं. धप्प. आत बाई किंचाळल्या.

"बघा!" मी ओरडलो. "दारामुळं जायली लाइट. दाराचा दणका बसतो अन् आतली तार हालती. पोरीचा काई कसूर न्हाई. माझा हाय." मेनस्विच बंद करून मी वायर ओढली. ती नुसती हातात आली, जागेवर कशानं टिकली होती कोण जाणे. टोक त्यांच्यासमोर धरलं. "ही रेघ बघा. माझ्या हत्यारानं कापलीय. माझी चूक हाय, मालक."

मालकांनी टोक हातात घेतलं नाही. बाई वाकल्या, त्या गोल रेघेकडं बघत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "दात हायेत ह्ये."

"दात न्हाईत, मावशी. हत्यार हाय माझं, हे बघा."

"जाताना चावून गेली."

मी मालकांकडं बघितलं. निदान तो माणूस शहाणा असेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मिस्तरी, त्या दिशी तुमीच पाच माणसांत म्हणलात, दोष न्हाई. स्क्रू आवळले, टेस्टर लावला. आज दोष कुठनं आला मग? तिचा बाप भेटला का तुमाला?" मी शपथा घेतल्या. आईची घेतली, पोरांची घेतली. ते ऐकून घेत होते आणि मधेच वर बल्बाकडं बघत होते. शेवटी मी नवीन टोक ब्लेडनं सोललं, नीट बसवलं, सगळं घर फिरून एकेक जोड बदलला. संध्याकाळ झाली. लाइट पुन्हा कधीच गेली नाही, आणि गावात झालं ते असं, की पोरगी गेली, मिस्तरीनं बंदोबस्त केला, घर सुटलं. माझ्याच दुरुस्तीनं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. ती परत नांदायला आली नाही. पुढच्या वर्षी त्या पोराचं दुसरं लग्न झालं.

तिचं माहेर पालमच्या पुढं, कोरडवाहू शेताकडेला. दुरुस्ती केली त्याच आठवड्यात मी एसटीनं तिथं गेलो. खिशात त्या घरातल्या बदललेल्या जोडाचं, रेघ पडलेलं एक टोक होतं. घरात लाइट नव्हती, रॉकेलची चिमणी तेवढी. मी कोण ते सांगितल्यावर तिच्या आईनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "दिस मावळला की ती घरात येत न्हाई. भाईर बसती. म्हणती, आधी चिमणी मालवा, मग येते. म्या मालवते. काय करू?"

पोरगी गोठ्याच्या भिंतीला बसली होती. शेळीचं करडू तिच्या पायाशी होतं. मी समोर मातीतच बसलो आणि सगळं सांगितलं, हैदराबादपासून. खाच, दार, दणका, सगळं. रेल्वे चालू होती तेही सांगितलं. टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरी चांगली तार देऊन म्हणलो, दोन्ही वाकवून बघ. तिनं चांगली तार वाकवली, ती वाकली. रेघेची वाकवली, ती मोडली. तिनं मोडलेला तुकडा मातीत शोधून परत हातात घेतला.

"म्हंजे ते मी न्हवते?" तिनं विचारलं.

"न्हवतीस, माय. तू काईच केलं न्हाईस."

मी वाट बघत होतो की आता ही रडेल, मला बोलेल, तुकडा तोंडावर फेकून मारेल. तिनं तसलं काही केलं नाही. कुणाची तक्रार सांगत नसल्यासारखं, सरळ म्हणाली:

"सासूबाई म्हणायच्या, तवा मी मानलं न्हाई, दादा. ह्यांनी म्हणलं, तवाबी न्हाई मानलं. तुमी म्हणलात तवा मानलं. तुमाला लाइटीतलं कळतं, म्हणून."